बटण दाबणाऱ्याचा दोष

परीक्षा तोंडावर आली आणि कॉलेजच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरूच होईना. मुलींची हॉलतिकिटं त्यातच अडकली होती. संगणक शिकवणाऱ्या यामिनी पाथरबे सकाळपासून जमिनीवर बसून त्याच्याशी झगडत होत्या. वायरी तपासल्या, प्लग बदलला, धूळ झटकली. आतला पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळाच. बाईंची मान अवघडून गेली होती.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष धैर्यशीलराव आले. "सकाळी बटण कोणी दाबलं होतं?"

"मी, साहेब," क्लार्क सरोज आढाव पुटपुटली.

"मग तूच बिघडवलास. ज्याच्या हातून सुरू होत नाही, दोष त्याचा. उद्यापासून घरी बस!"

सरोजच्या डोळ्यांत पाणी आलं. वाद घालायचं त्राण यामिनीबाईंत उरलं नव्हतं. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, तुमच्या हातून सुरू होतोय का, एकदा बघता?"

अध्यक्षांनी रुबाबात बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळाच राहिला.

"साहेबांच्याही हातून झाला नाही," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मग उद्यापासून कोणी कोणी घरी बसायचं?"

अध्यक्षांनी हात खिशात घातला. "जुनं मशीन आहे, त्याला कोण काय करणार?"

"हेच सरोजला सांगा."

"तू ये गं उद्या," म्हणत ते बाहेर पडले.

बाईंनी आतली सैल झालेली मेमरीची पट्टी काढली, पुसून पुन्हा घट्ट बसवली. स्क्रीन उजळला.

"सरोज, प्रिंटर लाव," म्हणून त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.