चंचीतल्या चुन्याचा टिळा

काळखेडीतल्या कुठल्याही घरात शिरा, भिंतीच्या भेगेवर चुन्याचा आडवा टिळा दिसेल. पाहुणे विचारतात, देवीचा का? नाही. आवडाचा.

असे सांगतात की तुळाजी पाटलांनी गावात पहिले दगडी घर बांधले. पाया खोदताना काळी माती संपेना, मुरूम लागेना. मुहूर्त मात्र टळत चालला. शेवटी पाटलांनी मातीतच पायाचा दगड बसवला. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. तिला मुहूर्त कळत नाही.

पुढे माजघराचे दार अडकू लागले. सुतार दार तासून गेला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. खाली केसाएवढी, वर बोट जाईल एवढी. तिच्यावर गिलावा झाला. वडीलधाऱ्यांचा गिलाव्यावर फार विश्वास. दरवर्षी गिलावा, दरवर्षी भेग. त्याच माजघरात पाटलांची लेक चिमा बाळंत झाली.

धाकटी सून आवडा म्हणाली, "मामंजी, गिलाव्याची भेग अशी चढत जात नाही. पाया खचतोय. चिमावन्संना बाहेर हलवा."

"बारसं होईतो बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. तुझ्या माहेरी घरं आहेत की गोठे?"

"गोठेच. पण आमचे बैलसुद्धा हलत्या खुंट्याला थांबत नाहीत."

म्हणे तिने पाटलांच्याच पानतंबाखूच्या चंचीतला चुना घेऊन भेगेवर टिळा ओढला. "हा तुटला तर भिंत चालतेय. नाही तुटला तर मी माहेरी जाते, कायमची."

चुना वाळला. पाटील येता-जाता न तुटलेला टिळा बघत आणि हसत. मग वळवाचा पाऊस कोसळून गेला आणि सकाळी टिळा मधोमध दुभंगलेला होता.

"वाळून तडकला असेल," पाटील म्हणाले. "भटजींना विचारू."

आवडाने कुणाला विचारले नाही. बाळ सुपात झोपले होते. तिने सूप उचलले आणि अंगणाकडे चालू लागली. बाळ रडले, तशी चिमा उंबरा विसरून मागे धावली. दोघींना परत आणायला पाटील शिव्या देत अंगणात उतरले, आणि त्यांच्या पाठीमागे भिंत बसली.

आजही काळखेडीत पायाच्या खड्ड्यातला मुरूम हाताला लागल्याशिवाय कुणी मुहूर्त काढत नाही. आजही टिळा सूनच ओढते, सासऱ्याच्या चंचीतल्या चुन्याने. तो तुटला की घरात बैठक बसत नाही. आधी बाळ बाहेर येते. शिव्या देणारे मागून येतातच.