शहाण्या तबकडीला चंदनाची उटी

रणधवल राजाच्या महालात सगळे दात वाजवत बसले होते, आणि थंडी वाजते म्हणायची कुणाची छाती नव्हती. कारण राजाचा हुकूमच तसा होता: यंत्राच्या विरुद्ध कुणी अवाक्षर काढायचं नाही.

आता हे यंत्र कुठलं, ते ऐका. राजाचं राज्य घाटमाथ्यावर, धुक्यात. महालाच्या तळघरात तांब्याचा अवाढव्य बंब होता आणि त्याचं कढत पाणी भिंतींमधल्या नळ्यांतून सगळीकडे फिरायचं. राजाकडे हत्ती होते तशी वीजही होती. गोष्टीत दोन्ही चालतं, मधेच शंका काढू नका. तर एके दिवशी एक व्यापारी आला आणि त्यानं पोतडीतून बशीएवढी चकचकीत तबकडी काढली.

"हा थर्मोस्टॅट, महाराज. किती ऊब हवी ते एकदा सांगा आणि निर्धास्त झोपा. गारठा पडला की हा बंब पेटवणार, उकडायला लागलं की विझवणार. शिवाय इतका शहाणा, की राहत्या घराच्या सवयी आपणहून शिकतो."

राजा असा खूश झाला, की त्यानं तबकडीच्या बदल्यात आपला लाडका हत्ती देऊन टाकला.

तबकडी बसवायला दादू गवंडी आला. तो म्हणत होता, बैठकीच्या भिंतीवर लावू, जिथं माणसं उठतात बसतात. पण दिवाण त्रिंबकपंत आडवे आले. "एवढी शहाणी वस्तू अशी उघड्यावर? छे छे. हिला कोनाड्यात बसवा, मुहूर्तावर." मग कोनाडा झाला, हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला आणि तबकडीच्या अगदी हनुवटीखाली मोठी समई तेवू लागली. राजानं भरदरबारी सांगितलं, "हा दिवा अखंड राहील."

झालं. समईची धग तबकडीला लागली, तबकडीवर पन्नासचा आकडा झळकला आणि तिनं बंब विझवून टाकला. तो पुन्हा पेटलाच नाही.

राजा तीन शाली पांघरून बसला, पण हट्ट सोडीना. "यंत्र खोटं बोलेल? हत्ती दिलाय मी त्याच्यासाठी. या दादूनंच काहीतरी वेडंवाकडं ठोकलंय." त्यानं दादूला समोर उभं केलं. "यंत्र हलवायचं नाही, ते मुहूर्तावर बसलंय. दिवा विझवायचा नाही, सरकवायचाही नाही. आणि उद्या दुपारच्या पंगतीला महाल उबदार पाहिजे. नाहीतर बिऱ्हाड उचल आणि घाट उतर."

दादू घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची लेक चिमा भाकरी वाढत म्हणाली, "बाबा, आधी दोन घास खा."

"गावातली भिंत अन् भिंत माझ्या हातची आहे, चिमे. घाटाखाली मला कोण ओळखतंय?"

बापाचा आवाज असा कापताना चिमानं कधी ऐकला नव्हता. तिला राग आला. सकाळ होताच ती पदर खोचून महालात गेली. कोनाड्यापाशी उभी राहून तिनं तबकडीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग समईकडे पाहिलं. हाराकडे पाहिलं. आणि तिला हसू आलं.

"पंत, ह्याला देव मानलंय ना?"

"म्हणजे काय! महाराजांचाच हुकूम."

"मग सेवा सगळी करायची, का नुसतीच आरास?"

"सगळी. काही कमी पडता कामा नये."

"मग सहाण आणि चंदन आणवा. देवाच्या अंगाची काहिली होतेय आणि तुम्ही खुशाल दिवे लावताय. उन्हाळ्यात देवाला उटी लावता, मग ह्यानं काय पाप केलंय?"

पंतांनी सहाण आणवली. नाही म्हणायला जागाच नव्हती. चिमानं विहिरीच्या गारढोण पाण्यात चंदन उगाळलं आणि तबकडीला जाड उटी थापली, फक्त आकडा तेवढा उघडा ठेवला. सुकली की पुन्हा थापायची, वर ओला पंचा गुंडाळायचा. आकडा घसरला. पंचवीस, वीस, पंधरा. आणि खाली तळघरात बंब धडधडून पेटला.

पंगत बसली तेव्हा महालात छान ऊब होती. वरणभात होईतो राजानं शाली काढल्या. भजी आली तेव्हा अंगरख्याचे बंद सोडले. श्रीखंड वाढेपर्यंत पंतांच्या पगडीतून घाम ठिबकत होता. राजा तसाच उष्ट्या हातानं कोनाड्याकडे धावला.

"पोरी, बंद कर हे!"

चिमा उटी थापतच होती. "असं कसं, महाराज? आकडा बघा, बारा. यंत्र म्हणतंय, महाल गारठलाय. यंत्र खोटं बोलेल? हत्ती दिलाय आपण."

"अगं, मला घाम फुटलाय!"

"हळू बोला, महाराज. यंत्राच्या विरुद्ध बोलायला बंदी आहे."

राजानं गळ्यापर्यंत चंदनात माखलेल्या तबकडीकडे पाहिलं. "म्हणजे हे महालाचं सांगतच नाही?"

"स्वतःपुरतं सांगतं, महाराज. दिव्यापाशी बसवलं, त्याला वाटलं दुनिया तापली. मी उटी लावली, त्याला वाटलं दुनिया गोठली. जो जवळ उभा राहील त्याचंच ऐकतं बिचारं." चिमानं पंतांकडे हळूच पाहिलं. "राहत्या घराच्या सवयी शिकतं म्हणाला होता ना व्यापारी? मग फार लवकर शिकलं म्हणायचं."

पंतांनी पगडी सावरली. राजाचे डोळे मोठे झाले. सगळी पंगत घास हातात धरून थांबली. आणि राजा असा खदखदून हसला, की हसता हसता त्याला जमिनीवर बसावं लागलं.

"पंत, तो दिवा देवघरात न्या, तुमच्या हातानं. दादूला बोलवा, यंत्र तो म्हणेल त्या भिंतीवर लावू दे." मग डोळे पुसत त्यानं चिमाकडे बोट दाखवलं. "आणि या बंबाची एक नळी थेट हिच्या घरापर्यंत जाईल. तिथं किती ऊब हवी, ते मात्र ही सांगेल. यंत्राला विचारायचं नाही, आणि मला तर मुळीच नाही!"