बसघरातली शेगडी

एकदा एक शिष्य डोंगरमाथ्यावर, मोडीत निघालेल्या जुन्या बसमध्ये बिऱ्हाड थाटून राहिला. त्याने बाकं काढली, पडदे लावले, ड्रायव्हरच्या जागी तुळस ठेवली. गावाने आधी मनसोक्त हसून घेतले, मग तेही सवयीचे झाले.

पौषात त्याची आई राहायला आली. सगळा जन्म खाली सपाटीवर, उबेत काढलेली बाई. पहिल्याच सकाळी कानाला फडके गुंडाळून तिने स्पष्ट सांगितले, "घर गोड आहे रे, पण हाडं गोठतात. काही सोय झाली तर ठीक, नाहीतर मी आपली धाकट्याकडे जाते."

किती वर्षांनी आई शिष्याच्या वाट्याला आली होती! तो आपल्या वृद्ध गुरुजींना घेऊन तडक शेगड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेला.

"ही घ्या," व्यापारी एका अवाढव्य लोखंडी शेगडीवर थाप मारून म्हणाला. "अख्खी धर्मशाळा तापते. ऊब जास्त झाली तर हवेची झडप लावा, झालं!"

शेजारी हंड्याएवढी एक लहान शेगडी होती. शिष्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. "आईसाठी घ्यायचीय, तिथे कसली काटकसर?"

गुरुजी नको म्हणतील असे त्याला वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "शेठ, पटली नाही तर बदलून द्याल ना?"

"तुमचा शब्द मोडेन का?"

संध्याकाळी धुराडे खिडकीबाहेर काढून शेगडी बसवली. आणि एरवी काटकीसुद्धा जपून जाळणाऱ्या गुरुजींनी ती तोंडापर्यंत लाकडांनी भरली! शिष्य पाहतच राहिला. बघता बघता पत्रा तापला. आईने शाल काढली, एक खिडकी उघडली, मग दुसरी. शेवटी तिने कंडक्टरच्या घंटीची दोरीच ओढली. "थांबवा रे बाबांनो, मला उतरायचंय!"

तिघेही बाहेर दगडावर कुडकुडत बसले.

"शेगडी उत्तम आहे," गुरुजी हात चोळत म्हणाले. "फक्त आपण बाहेर आहोत."

आई खो खो हसली. ओशाळलेल्या शिष्याने आत जाऊन झडप लावली. तशी लाकडे धुमसली, बसभर धूर कोंडला, आणि दारात आलेल्या आईला ठसका लागला.

"गुरुजी, तुम्हाला ठाऊक होतं. दुकानातच का नाही बोललात?"

"तुला वाटलं असतं, म्हातारा माझ्या मायेला कात्री लावतोय. बाळा, शेगडी घराच्या मापाने घ्यायची असते. तू ती आई जाईल या भीतीच्या मापाने घेतलीस. मोठा विस्तव लहान घरात फुलला तर माणसं बाहेर पडतात, दाबला तर घुसमटतात. लहान विस्तवाला दाबावं लागत नाही, तो मोकळा जळतो."

"पण त्यात सारखं लाकूड घालत बसावं लागेल."

"तेवढ्यासाठी तरी आईजवळ बसशील."

दुसऱ्या दिवशी लहान शेगडी आली. शिष्य तिच्यापाशी काटक्या सारत बसला, आई समोर शेंगा सोलत. मध्येच ती म्हणाली, "अरे, माझी ट्रंक अजून बांधलेलीच आहे. लुगडी कुठे ठेवू?"

शिष्याने उठून वरची सामानाची फळी रिकामी केली.

आपणही कुणासाठी मायेने काही नेताना आधी त्याचे घर केवढे आहे ते पाहून यावे.