एका हाकेला ओ

शर्यतीआधी आमची माणसं सूप घेऊन तुमच्यासमोर उभी राहतात आणि कानातली गाण्याची बोंडं काढून त्यात ठेवायला लावतात, याचा तुम्हा पळणाऱ्यांना दरवर्षी राग येतो. येऊ द्या. मागच्या खेपेला एका साहेबांनी मला नियम कुठे लिहिलाय ते दाखवा म्हणून सांगितलं. लिहिलेला नाही. बसा पाच मिनिटं, बुटांच्या नाड्या बांधता बांधता ऐका.

हे समोरचं कुंडवणाचं तळं. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि कारवीचं रान, भोवती सहा कोसांची पायवाट. तुम्ही आज हौसेनं पळता ती वाट आमची माणसं फार पूर्वीपासून पळत आली आहेत. चैत्री पुनवेला सकाळी तळ्याला फेरी घालून जो पहिला परत येईल, त्याच्या हातून वाघजाईला पहिली घागर, असा मान होता. खेवजी भांगरे नावाच्या गड्याकडे तो ओळीनं सहा वर्षं होता म्हणे. मानाची चटक वाईट. सातव्या वर्षी त्याच्याबरोबर पळायला उभा राहिला सोनू, त्याच्या धाकट्या बहिणीचा, ठकूचा नवरा. हरणासारखा हलका गडी. आदल्या साली तो केवळ चार पावलांनी मागे पडला होता.

दोघंच पुढे निघाले. पलीकडच्या काठाला कातळाची उतरण आहे, तिथे खेवजी पुढे होता. उतरण ओलांडून तो वळणाला आला आणि मागून हाक आली, "खेवजी!"

एकदाच.

आता आमच्या रानाचा तेव्हाचा रिवाज असा, की एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो, चकवा एकदाच, आणि ओ दिली की तो माणसाला पाण्याकडे नेतो. लहानपणापासून हे प्रत्येकाच्या मनात पक्कं बसवलेलं. खेवजी थबकला. दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. तो पळत सुटला.

घागर त्यानंच घातली. ठकू देवळापाशी उभी होती. तिनं विचारलं, "दादा, आमचे हे कुठं रं?"

"येतील मागनं," खेवजी म्हणाला.

सोनू आला नाही. माणसं शोधायला गेली तेव्हा तो उतरणीच्या खाली, कमरेपर्यंत पाण्यात, कारवीच्या मुळ्या घट्ट धरलेला सापडला. छाती कातळावर आपटली होती. दुसरी हाक मारायला त्याच्यात श्वास उरला नव्हता. अंग अजून ऊबदार होतं, असं सांगतात.

खेवजीनं हाकेची गोष्ट लपवली नाही. सगळ्या गावानं त्याची समजूत घातली, की रिवाजाप्रमाणे वागलास, तुझा काय दोष? त्या समजुतीनंच त्याला अन्न गोड लागेना. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो ठकूच्या दारात जाऊन बसला.

ठकूनं एवढंच विचारलं, "आवाज वळखला व्हतास का?"

"व्हय."

"मग भ्यालास म्हणून मागं फिरला न्हाईस, का मान जाईल म्हणून?"

खेवजी खोटं बोलू शकला असता. तो म्हणाला, "मान जाईल म्हणून."

ठकू उठून आत गेली. बावीस वर्षं ती भावाशी बोलली नाही. घरं भिंतीला भिंत लागून.

खेवजी पुन्हा कधी पळाला नाही. तो रोज तळ्याला चालत फेरी घालायचा आणि कानावर पडेल त्या आवाजाला "आलो, आलो!" म्हणून ओ द्यायचा. मोर ओरडला तरी, गाय हंबरली तरी. पोरं टिंगल करायची. पण एका वर्षी लाकडं आणायला गेलेली म्हातारी कपारीत अडकली, तिनं कशीबशी एक हाक मारली, आणि हा धावला. तिला पाठुंगळी घेऊन आला. त्या दिवसापासून गावानं जुना रिवाज टाकला.

शेवटच्या दुखण्यात खेवजीची वाचा जवळजवळ गेली होती. एका दुपारी त्यानं सगळा जीव गोळा करून हाक मारली, "ठके!" एकदाच निघाली. ठकू पलीकडे तांदूळ पाखडत होती. म्हणे, हातातलं सूप तसंच खाली पडलं आणि ती तिथूनच ओरडली, "आले रं दादा, आले!" तो ऐकूनच गेला. ती पोचली तेव्हा त्याचं तोंड दाराकडे होतं.

ठकू माझी खापरपणजी. म्हणून आजही फेरीत जो पहिला येतो, त्याला घागर देण्याआधी आमच्या घरच्या माणसानं एक प्रश्न विचारायचा असतो: वाटेत कुणाची हाक आली होती का? यंदा तो मी विचारणार. तुम्ही "नाही" म्हणालात की मी घागर देतो. खोटं बोललात तर मला कळायचं काही कारण नाही. तुम्हाला कळेल.