वरची बातमी

हिंगणमळ्यात पार्ट्या दोन आणि पेपर एकच, शालनताई मुळीक यांचा साप्ताहिक ‘वेशीवरून’. मतदानाआधीच्या अंकासाठी इंगवले अण्णांचा निरोप आला, “आमच्या सभेची बातमी पहिल्या पानावर सगळ्यात वर घ्या, खराड्यांची खाली. नाहीतर अंक चौकात जाळू.” मागोमाग खराडे भाऊसाहेबांचाही तोच निरोप आला, नुसती नावं उलटसुलट करून.

शालनताई कुणाच्या मिंध्या नव्हत्या, पण त्यांना अंकही वाचवायचा होता. त्यांनी पानाच्या एका अर्ध्यात इंगवल्यांची सभा छापली. पान खालचं वर करून धरलं की दुसऱ्या अर्ध्यातली खराड्यांची सभा वर यायची, तेवढ्याच जागेत. पेपरचं नावसुद्धा दोन्ही टोकांना होतं.

अंक बघून अण्णा खूश झाले. खराड्यांची बातमी उलटी छापली होती ना. मग कळलं, भाऊसाहेबही त्याच कारणानं पेढे वाटतायत. अण्णा तणतणत छापखान्यात आले.

“ताई, खरं सांगा. उलटी बातमी कुणाची?”

शालनताईंनी शांतपणे चष्मा पुसला.

“मी दोन्ही सरळच छापल्यात, अण्णा. पण या गावात पेपर ज्याच्या हातात जातो, त्याला दुसऱ्याचं उलटंच दिसतं.”