पुस्तकात नसलेलं पान

“पण बुवा, पुस्तकात ते पान नव्हतंच. मग मी काय करायला हवं होतं?”

निवृत्तिबुवा सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळत होते.

बुवा पूर्वी शाळामास्तर होते. अच्युत धोंगडेला पहिलं अक्षर त्यांनीच गिरवायला लावलं. बायको गेल्यावर ते गावाबाहेरच्या टेकडीवरच्या मठात येऊन राहिले, आणि आता तिथल्या दोन कपाटं पुस्तकांची आणि स्वतःच्या दोन गुडघ्यांची देखभाल करत होते.

अच्युत त्यांचा लाडका विद्यार्थी. आता तोही मास्तर झाला होता, आणि साधासुधा नव्हे, नावाजलेला.

नाव झालं होतं ते एका तासामुळे. त्यानं चौथीच्या वर्गात दोन दोऱ्या बांधल्या होत्या, एक लाल, एक निळी. दर शुक्रवारी एकेका मुलानं उभं राहून पुस्तकातलं एक पान वाचायचं. बाकीच्यांनी ऐकून ओरडायचं, “गोष्ट!” नाहीतर “माहिती!” मग गोष्टीचं पुस्तक चिमट्यानं लाल दोरीला लावायचं, माहितीचं निळीला. जनावरं बोलली की गोष्ट. नकाशा आला, आकडे आले, मागं सूची असली की माहिती.

पोरं इतकी तयार झाली होती की दोन ओळींत ओळखायची. तालुक्याच्या शिक्षकांना अच्युतचा तास दाखवायचं घाटत होतं. गडी हवेत होता, आणि खोटं कशाला बोला, थोडं त्याला शोभतही होतं.

“पुन्हा सांग,” बुवा म्हणाले. “घाई न करता.”

अच्युतनं पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं. कासव बाजाराला जातं, त्याची चित्रं होती त्यात. पुरावा म्हणून ते तो बरोबरच घेऊन आला होता.

“त्या शुक्रवारी शिक्षण विस्तार अधिकारी आले होते. मागं खुर्चीवर बसले होते. कौशीचा नंबर होता.”

“कौशी कोण?”

“कौसल्या. खाणीवरच्या वस्तीतली. बाप दगड फोडायला जातो. पोरगी हुशार, पण मुखदुर्बळ. तिनं हे पुस्तक उचललं, आणि उघडून भलतंच वाचायला लागली.”

“काय?”

“काहीतरी मनचं.”

“मनचं काय?”

अच्युत जरा चिडला. मुद्दा तो नव्हता, असं त्याला वाटत होतं.

“एका मुलीची आई रोज सांजेला खाणीतल्या पाण्याशी जाऊन बसायची... असं काहीतरी. मला पुस्तक तोंडपाठ आहे, बुवा. असं पान त्यात नाही. पण साहेबांसमोर तिला कसं थांबवू? म्हटलं वाचू दे. मग मी वर्गाला विचारलं. सगळे एका सुरात ओरडले, गोष्ट! साहेबांनी टाळ्या वाजवल्या.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, शाबास. खाली बस.”

“बसली?”

“...लगेच नाही. उभीच राहिली. म्हणाली, सर, पुढं काय झालं ते विचारा ना.”

बुवांचा हात गुडघ्यावर थांबला.

“विचारलंस?”

“वेळ कुठं होता? अजून सहा मुलं व्हायची होती. मी म्हटलं, पुढचं पुढच्या शुक्रवारी. आणि साहेबांनी ऐकावं म्हणून वर्गाला समजावून सांगितलं...” अच्युतचा आवाज खाली आला. “सांगितलं, गोष्टीतल्या माणसांसाठी आपण रडत बसायचं नसतं. कारण ती माणसं नसतातच.”

बाहेर आभाळ भरून राहिलं होतं. पडतही नव्हतं आणि उघडतही नव्हतं. खालून खाणीवरच्या घणांचे आवाज येत होते.

“रविवारी तिची आई खाणीच्या पाण्यात सापडली,” अच्युत म्हणाला. “वस्तीवर म्हणतात पाय घसरला. असेलही...”

बुवांनी वाटीत बोटं बुडवून पुन्हा गुडघा चोळायला घेतला.

याचा अच्युतला राग आला. रागवावं, समजूत घालावी, निदान अरेरे तरी म्हणावं. तो तावातावानं बोलायला लागला.

“मी रीतसर शिकवलं, बुवा. उत्तर बरोबर होतं. तिच्या हातात गोष्टीचंच पुस्तक होतं! आता तुम्ही म्हणाल, त्या दोऱ्या काढून टाक.”

“कशाला काढतोस?” बुवा म्हणाले. “पोरांना ओळखता यायलाच हवं. नाहीतर उद्या कुणीही थाप मारून त्यांचा अंगठा घेईल. मीही जन्मभर हेच शिकवलं.”

अच्युतला एकदम हायसं वाटलं. इतकं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

“म्हणजे माझं चुकलं नाही?”

“पोरगी शाळेत येते?”

“येते. आईचे दिवस झाले की आजीनं आणून बसवली. गेल्या शुक्रवारी पुन्हा तिचा नंबर आला. मी म्हटलं, नको वाचूस. ती उठलीच. माहितीचं पुस्तक घेतलं, पिकांचं. छापलंय तेवढं वाचलं. काना नाही, मात्रा नाही, काही इकडचं तिकडं नाही. वर्ग ओरडायच्या आत स्वतःच म्हणाली, माहिती. निळ्या दोरीला पुस्तक लावलं आणि जाग्यावर जाऊन बसली.”

“मग?”

“मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, कौसल्या, तुला काही सांगायचंय का? तर माझ्याकडं बघून म्हणाली, कुठल्या पुस्तकातलं, सर?”

एवढं बोलून अच्युतनं तोंड फिरवलं. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागत नव्हता. बायको विचारायची, काय झालं, तर तिच्यावरच खेकसायचा. दुसरं मूल असतं तर तो बाजूला झाला असता, वेळ जाऊ दिला असता. पण ही पोर रोज समोर बसत होती, विचारलं तेवढं बरोबर सांगत होती, आणि दिवसेंदिवस मिटत चालली होती. आणखी महिनाभरानं ती कुणाशीच काही बोलणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तो टेकडी चढून आला होता. माझं चुकलं का, हे विचारणं नुसतं तोंडदेखलं होतं.

“ते पान वाच,” बुवा म्हणाले.

“कुठलं?”

“तिनं वाचलं ते.”

“ते यात नाही, बुवा. तेच तर सांगतोय मघापासून.”

“तिला वाचता आलं. तू तर मास्तर आहेस. उभा राहा आणि वाच.”

अच्युत उभा राहिला. बुवांनी उभा राहा म्हटलं की उभं राहायचं, ही लहानपणची सवय. त्यानं पुस्तक उघडलं. डोक्यावर टोपली घेतलेलं कासव त्याच्याकडं बघून हसत होतं.

“एका मुलीची आई...” तो अडखळला. “एका मुलीची आई रोज सांजेला खाणीतल्या पाण्याशी जाऊन बसायची. मुलगी तिचा पदर धरून बसायची. आई म्हणायची, तू हो पुढं, मी आलेच. मुलगी जायची नाही. तिचा हात दुखायचा, पण ती पदर सोडायची नाही. एक दिवस मुलीला झोप लागली...”

त्याला सगळं पाठ होतं. शब्दन् शब्द. काहीतरी मनचं, असं मघाशी म्हणालेला माणूस तो हाच.

“पुढं?”

“पुढं तिनं वाचलं नाही. मी वाचू दिलं नाही.”

“मग तू वाच.”

अच्युतनं डोळे पानावरून उचलले नाहीत.

“एक मास्तर होता,” तो वाचू लागला. “त्याला सगळी पुस्तकं ओळखता यायची. पोरगी वाचत होती तेव्हा तो तिच्याकडं बघत नव्हता, साहेबांकडं बघत होता. तिचा आवाज कापत होता, ते त्याला ऐकू आलं होतं. ऐकू आलं होतं, बुवा... त्याला वाटलं, साहेबांना घाबरली असेल. त्यानं नुसतं विचारलं असतं, पोरी, हे कुणाचं आहे गं? एवढंच विचारलं असतं तर... दोन दिवस होते मध्ये. शुक्रवार ते रविवार. आता तो मास्तर...”



बुवांनी टाळी वाजवली. चौथीच्या वर्गातल्या पोरासारखे खणखणीत ओरडले,

“गोष्ट!”

अच्युत जागच्या जागी गोठला. मग त्याच्या डोक्यात तिडीक उठली. असा राग त्याला बुवांचा कधी आला नव्हता.

“गोष्ट? बुवा, मी माझं काळीज काढून सांगतोय! हे झालंय! माझ्या हातून झालंय!”

“असेल.”

“असेल म्हणजे? तुम्हाला कळत नाही?”

“हातात कासव आहे तुझ्या,” बुवा म्हणाले.

अच्युतनं हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं.

तो मटकन खाली बसला आणि रडला. बुवांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. ते तेलाची वाटी बाजूला सारून, भिंतीला टेकून, आभाळाकडं बघत राहिले. त्यांचेही डोळे कोरडे नव्हते.

घणांचे आवाज थांबले. वस्तीवर चुली पेटायची वेळ झाली होती.

“उद्या शुक्रवार,” अच्युत अखेर म्हणाला. “मी काय करू?”

“उद्याचा पहिला नंबर तुझा.”

“आणि वाचू काय?”

“आत्ता वाचलंस ते.”

“सगळ्या वर्गासमोर? तिच्यासमोर?”

“ओळखायचं तिनं. बाकीच्यांना गप्प बसव.”

अच्युत उठला. पुस्तक त्यानं पिशवीत घातलं, पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं. दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

“बुवा... आणि तीही म्हणाली, गोष्ट... तर?”

बुवांनी डोळे मिटले.

“तर शाबास म्हण. आणि खाली बस.”