राजाचं दूध, पंतांचं विरजण

रणधवल राजाचं एक ठरलेलं होतं. युवराजाने कुस्ती जिंकली, की तो मिशीला पीळ देऊन म्हणायचा, “आमचं रक्त!” आणि युवराज नदीत उतरायला घाबरला, की म्हणायचा, “गुरुजींची शिकवण!”

एकदा शिकारीत युवराज घाबरून झाडावर चढून बसला आणि राजाचा पारा चढला. त्याने युवराजाचे गुरू गुणाकरपंत यांना बोलावून फर्मावलं, “पोरात आमचं किती नि तुमचं किती, ते उद्या वेगळं करून दाखवा. नाहीतर राज्य सोडा!”

दुसऱ्या दिवशी पंगतीत पंतांनी राजापुढे दह्याचा वाडगा ठेवला. “महाराज, दूध आपल्या गाईचं, विरजण माझ्या घरचं. आपलं दूध तेवढं काढून घ्या. उरेल ते माझं.”

राजाला वाटलं, हे तर सोपं! त्याने वरची साय काढली, तर तीही आंबट. दही फडक्यात बांधलं, तर खाली पाणी गळलं नि वर चक्का राहिला. आता यातलं दूध कुठलं? राजा पाण्याकडे बघे, चक्क्याकडे बघे. राजाने घास घेतल्याशिवाय कुणी जेवत नसे, त्यामुळे अख्खी पंगत खोळंबली. राजाचं डोकं गरगरायला लागलं.

“पंत, हे वेगळं होणार कसं? थेंबाथेंबात दोन्ही आहे!”

पंतांनी हात जोडले. “मग महाराज, कालपर्यंत गोड तेवढं दूध नि आंबट तेवढं विरजण, ही वाटणी कोण करत होतं?”

राजाने चक्क्यात घालायला साखर मागवली आणि पंतांचं पान आपल्या शेजारी मांडायला सांगितलं.